खोगीर पाहावे उलटे करून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत आली. माझ्या धंद्याने या म्हणीला एक शेपूट जोडले आहे : खोगीर पाहावे उलटे करून.

मी धुळ्याला जुनी खोगिरे विकतो. नवी नव्हेत, जुनी, वापरलेली, पण चांगली. एखादा नवा पाहुणा "आपण काय करता?" म्हणून विचारतो आणि मी हे उत्तर देतो, तेव्हा तो आधी हसतो. मी थट्टा करीत नाही हे ध्यानात आले म्हणजे मनातल्या मनात गावातले घोडे मोजू लागतो. "अहो, पण आता घोडे राहिलेत कुठे?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्यावर मी त्याला मार्गशीर्षात सारंगखेड्याला यायचे आमंत्रण देतो. जो आला, त्याने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

लेखकमंडळींना खोगीर ठाऊक असते ते 'खोगीरभरती' या शब्दापुरते. खोगिराच्या पोटात चिंध्या, केस, काथ्या, हाती लागेल ते कोंबायचे आणि वरून बरे कापड शिवून टाकायचे, यावरून तो शब्द निघाला. दिवाळी अंकाची चार पाने भरत नाहीत, तेव्हा संपादकांना त्याची आठवण होत असेल! मला मात्र त्या शब्दाविषयी फार आदर आहे, कारण माझा निम्मा धंदा भरतीचाच आहे. लेखात वाईट भरती असली तर वाचक फार तर पेंगतो. खोगिरात वाईट भरती असली तर घोड्याची पाठ सोलून निघते, आणि घोड्याला पत्र लिहून तक्रार करता येत नाही.

पागेतले शब्द

आमच्या धंद्यातले बहुतेक शब्द परमुलखातून आले आणि इथेच बांधले गेले. खोगीर हा शब्द फारसी. तिकडे 'खूय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा. घाम टिपून घेणारी ती खोगीर. जीन फारसी, लगाम फारसी, तंग फारसी, चाबूक फारसी. रिकीब तेवढी अरबीतून आलेली. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून कारभारातल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण पागेत बसून घोड्याला खरारा करणारा मोतद्दार आपला रिकीबच म्हणत राहिला. मराठीवरच्या फारसीच्या परिणामाचा अभ्यास करणारे इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६च्या अखेरीस आमच्या धुळ्यातच देह ठेवला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून इथे उभे आहे. शाळेत असताना मास्तरांनी आम्हांला तिथे नेले होते. मी दप्तरांपेक्षा जुन्या हत्यारांकडे जास्त पाहिले, हे त्या मास्तरांच्या नजरेतून सुटले नाही.

जीन करणारा तो जीनगर. पुण्यात जीनगर आळी आहे ती या कारागिरांची. घोडदळ गेले, संस्थाने गेली, टांगे गेले. जीनगरांच्या हातातली कला चित्रांकडे, मूर्तींकडे, पुस्तकबांधणीकडे वळली. हातात कसब असले म्हणजे माणूस उपाशी राहत नाही, पण कसबाचे नाव मात्र बदलते.

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराचा घोडा मेला तर तो सरकारचा गेला. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची मिळकत, अब्रू आणि उद्याची भाकर, तिन्ही एकदम गेली. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे मला एका शिलेदाराची गोष्ट सांगायची आहे.

तापीकाठची यात्रा

खानदेश हा तसा घोड्यांना ओळखणारा मुलूख. १८१८ साली इंग्रजांचा अंमल आल्यावर जेम्स आउट्रमने १८२५ साली भिल्ल पलटण उभी केली, ती आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावी. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे पूर्वेचे जळगाव झाले, पश्चिमेचे धुळे, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळे निघाले. कागदावर भावकीची वाटणी झाली, यात्रा मात्र सगळ्यांची राहिली. सारंगखेडे आता नंदुरबार जिल्ह्यात मोडते, पण आम्ही धुळ्या-जळगावची माणसे त्याला परके मानीत नाही.

दोंडाईच्याहून शहाद्याकडे निघाले की तापीकाठी हे गाव लागते. इथे एकमुखी दत्ताचे देऊळ आहे. दत्त म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तीन शिरे येतात. इथली मूर्ती एकमुखी, म्हणून तिचा महिमा निराळा. दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्षी पौर्णिमेला, यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश इथून व्यापारी मालमोटारींत घोडे घालून आणतात. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे कान आत वळून टोकाला टोक भिडलेले असतात. नदीकडून वारा आला की अशा कानांच्या जोड्या रांगेने हलू लागतात. ते पाहायला शहरातून मोटारी येतात. अलीकडे 'चेतक फेस्टिव्हल' या नावाने त्याला सरकारी थाटही लाभला. नाचणारे घोडे, शर्यती, लाखालाखांचे आकडे! वर्तमानपत्रांत छापून येतात ते हेच.

वर्तमानपत्रांत येत नाही ती आमची ओळ. घोडेबाजाराच्या कडेला साजाची दुकाने लागतात. मोहरक्या, लगामी, घुंगरांच्या माळा, गोंडे, झुली, अगाडी-पिछाडीचे दोर, आणि खोगिरे. नवी खोगिरे बहुतेक कानपूरची. १८६०च्या दशकात तिथे सरकारी खोगिरांचा कारखाना निघाला, पाठोपाठ खाजगी कारखाने आले, आणि पलटणींच्या खोगिरांनी त्या शहराचे नाव झाले. आजही कानपूरचे खोगीर परदेशी जाते. इंग्लंडात वॉल्सॉल नावाचे असेच खोगिरांचे गाव आहे; तिथल्या फुटबॉलच्या संघालाही लोक 'खोगीरवाले' म्हणतात. खेळाडूंना त्या नावाचा अभिमान आहे म्हणे. आमच्या आळीतली पोरे मला तेच नाव घेऊन हाका मारतात, तेव्हा मीही अभिमान वाटून घेतो.

या नव्या मालाच्या रांगेत शेवटी माझी ताडपत्री असते. तीवर पंचवीस-तीस जुनी खोगिरे, सगळी उलटी ठेवलेली. पोट वर, पाठ खाली. लोक थबकतात, हसतात, आणि एक जण तरी विचारतोच, "का हो, यांना ऊन देताय का?"

उलटे ठेवण्याचे कारण सांगतो.

पोट पाहून पारख

खोगिराची वरची बाजू माणसासाठी असते, खालची घोड्यासाठी. वरची बाजू साबणाने पुसून, तेल लावून, दोन तासांत नवरीसारखी सजवता येते. खालची बाजू खोटे बोलत नाही.

खोगिराच्या पोटात एक सांगाडा असतो. जुन्या इंग्रजी खोगिरांत तो लाकडाचा, वर पोलादी पट्ट्या मारलेला. हल्ली प्लॅस्टिकचा किंवा फायबरग्लासचाही येतो. पलटणींच्या जुन्या खोगिरांत पोलादी कमानी आणि दोन बाजूंना लाकडी फळ्या असत. हा सांगाडा म्हणजे खोगिराचा कणा. तो स्वाराचे वजन घोड्याच्या पाठीच्या दोन्ही बाजूंना पसरवतो आणि मधला मणका मोकळा ठेवतो. खोगीर उलटे केले की दोन गाद्यांच्या मधून कौलांच्या पन्हळीसारखी एक वाट दिसते. ती मागपर्यंत सारखी, निदान तीन-चार बोटे रुंद हवी. तिथे गादी आत ढळली असेल, तर वजन सरळ मणक्यावर.

सांगाडा मोडलेला आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, कारण वरून कातडे असते. त्याची परीक्षा अशी. खोगिराचे पुढचे टोक पोटाशी टेकवावे, मागचे टोक दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे ओढावे. चांगला सांगाडा किंचित लवतो आणि सोडताच जागेवर येतो. मोडका असेल तर बैठकीचे कातडे मध्ये चुरगळते आणि खोगीर पुस्तकासारखे मिटू लागते. मग पुढच्या कमानीच्या दोन्ही बाजू गुडघ्यांत दाबाव्यात. करकर आवाज आला, की ते खोगीर खाली ठेवावे आणि दुकानदाराला रामराम करून पुढे जावे.

त्यानंतर तंगाचे पट्टे. घोड्याच्या पोटाखालून जाणारा तंग या पट्ट्यांना बांधतात. पट्टा तुटला म्हणजे खोगिरासकट स्वार धरणीवर. पट्ट्याची भोके गोल असावीत. ती ओढून ओढून लांबट झाली असतील तर कातड्याने हार खाल्ली असे समजावे. पट्टा दुमडून पाहावा. बारीक चिरा दिसल्या, लालसर भुकटी बोटाला लागली, तर कोणतेही तेल त्याला वाचवणार नाही. शिवण नखाने उचकटून पाहावी. हाताची शिवण दोन सुया आणि मेणाचा दोरा घेऊन घालतात. तिचा एक टाका तुटला तरी शेजारचे टाके धरून ठेवतात. यंत्राच्या टाक्याला ही भावकी ठाऊक नाही. एक सुटला की ओळ सुटते.

शेवटी रिकीब. ती बुटापेक्षा बोटभर रुंद हवी. अरुंद रिकिबीत पाय अडकतो, आणि पडलेल्या स्वाराला घोडा फरफटत नेतो. बुरशीला मात्र भिऊ नये. ती पुसून जाते. बाजारात मी पाहतो, लोक बुरशीला भितात आणि मोडक्या सांगाड्याला नमस्कार करतात.

हे सगळे मी गिऱ्हाइकाला करून दाखवतो, म्हणून माझी खोगिरे उलटी. माझ्या शेजारचा एक दुकानदार दरवर्षी मला म्हणतो, "नाना, तुम्ही माल विकायला बसता की शाळा घ्यायला?" मी म्हणतो, शाळेतून पास झालेला मुलगा दुसऱ्या वर्षी आपल्या भावाला घेऊन येतो. तो मान हलवतो आणि आपल्या चमकदार खोगिरांवर फडके मारतो.

माल येतो कुठून?

चांगले खोगीर घोड्यापेक्षा जास्त जगते. नीट ठेवले तर वीस-तीस वर्षे सहज, त्याहून जास्तही. म्हणूनच परदेशात जुनी खोगिरे विकणे हा कमीपणाचा धंदा मानीत नाहीत. आपल्याकडे 'जुने' म्हटले की माणूस आधी भाव पाडतो.

माझा माल चहूकडून येतो. पुण्या-मुंबईकडच्या घोडेस्वारीच्या शाळा दर काही वर्षांनी जुनी खोगिरे काढतात. हौशी मंडळी घोडा विकतात आणि खोगीर माळ्यावर टाकतात. जुन्या जहागीरदारांच्या वाड्यांत एखादे जडशीळ खोगीर निघते. सरकारी निकामी मालाचे लिलाव होतात. टांग्यांचा साज मात्र आता कुणी विचारीत नाही. चाळीसगावहून येणाऱ्या गाडीची वाट पाहत धुळे स्टेशनाबाहेर टांगे उभे असत, त्या दिवसांत माझे वडील त्याच साजाच्या दुरुस्तीवर घर चालवीत. त्यांची आरी आणि रापी अजून माझ्या पेटीत आहेत. आरीची मूठ त्यांच्या अंगठ्याने झिजली आहे. माझा अंगठा त्या खळग्यात बरोबर बसतो.

एकदा एका लिलावात ढिगाने घेतलेल्या मालात एक देखणे विलायती खोगीर निघाले. तपकिरी कातडे, दुधाच्या सायीसारखा स्पर्श, शिवण शाबूत. सांगाडा मात्र पुढे मोडलेला. ते विकून ढिगाची अर्धी किंमत वसूल झाली असती. गिऱ्हाईकही चालून आले. त्याला ते खोगीर फार आवडले. मी सांगाड्याचे सांगितले तर तो म्हणाला, "मी कुठे रोज बसणार आहे? फोटोपुरते हवे." आता फोटोपुरते घेतलेले खोगीर दोन वर्षांनी कोणाच्या घोड्यावर चढेल, याचा भरवसा कोणी द्यावा? मी ते त्याला दिले नाही. तंगाचे पट्टे मुळापासून कापून टाकले आणि मग ते महामार्गावरच्या एका ढाब्यावाल्याला भिंतीवर टांगायला विकले. पैसे चौथाई आले. भिंतीची पाठ मात्र लागत नाही, हा फायदा.

'पाठ लागणे' हा आमच्याकडचा शब्दप्रयोग. खोगीर घासून घोड्याच्या पाठीला जखम झाली म्हणजे त्याची पाठ लागली. सारंगखेड्याच्या बाजारात काळ्या किंवा लाल घोड्याच्या पाठीवर खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले, तर ते सौंदर्याचे चिन्ह नव्हे. दाबाने तिथल्या केसांचा रंग करणारे मूळच मेले, आणि मग पांढरे केस उगवले. जखम भरते, ठिपका जन्मभर राहतो. जाणता गिऱ्हाईक तो पाहून हजारांनी भाव पाडतो.

आणि हे नेहमी वाईट खोगिरामुळेच होते असे नाही. चांगले खोगीर चुकीच्या पाठीवर ठेवले तरी तेच. विलायती खोगिरे तिकडच्या रुंद पाठीच्या घोड्यांसाठी केलेली. आपल्या मारवाडी घोड्याच्या मानेच्या मुळाशी, खांद्यांच्या वर, जो उंचवटा असतो, तो बहुधा उंच आणि अरुंद. रुंद कमानीचे खोगीर त्यावर ठेवले की पुढून खाली बसते आणि कमान हाडाला टेकते. स्वार बसल्यावर तो उंचवटा आणि कमान यांच्यामध्ये तीन बोटे शिरली पाहिजेत. दुसरी खूण घामाची. घोडा फिरवून आणल्यावर खोगीर काढावे. पाठीवरचा घाम दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला हवा. ओल्या पाठीत मध्येच कोरडा तुकडा दिसला, तर तिथे दाब जास्त. पाठ अशी बोलते, ऐकणारा पाहिजे.

एका शिलेदाराची गोष्ट

आता ती गोष्ट. आमचे खरे गिऱ्हाईक म्हणजे फार्महाउसवाले नव्हेत. ते आहेत लग्नाच्या घोडीवाले. धुळे, अमळनेर, पारोळा, चोपडा, जळगाव, कुठेही जा. नवरदेव घोडीवर बसल्याशिवाय वरात निघत नाही. ज्याची घोडी, त्याचे वर्षाचे उत्पन्न मोजक्या मुहूर्तांवर. तुळशीचे लग्न लागले की हंगाम सुरू, आणि वैशाख-ज्येष्ठापर्यंत जे मिळेल त्यावर चातुर्मास काढायचा. घोडी मात्र बाराही महिने खाते. या हंगामात घोडीची पाठ लागली, तर वर्ष गेले. म्हणून मी त्यांना शिलेदार म्हणतो.

२०२० साली टाळेबंदी आली ती नेमकी हंगामात. वराती बंद झाल्या. श्रावणात पारोळ्याकडचा एक घोडीवाला दुचाकीवर खोगीर बांधून माझ्या दारात आला. कानपुरी माल, आठ-दहा वर्षांपूर्वी माझ्याकडूनच नेलेला. खोगीर ओट्यावर ठेवून तो बराच वेळ गप्प बसला. मग आमच्या अहिराणीत एवढेच म्हणाला, "घोडी नही इकस, नाना. खोगीर इकस."

त्याने मागितले तेवढे पैसे मी दिले, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत हे दुसऱ्या कोणाला विकणार नाही, असे चिठ्ठीवर लिहून दिले. खोगीर खुंटीला टांगले. हे सांगताना फार मोठेपणा वाटतो, पण तेव्हा घरात मोठेपणाचे वातावरण नव्हते. माझीही विक्री थांबलेली. त्या हिवाळ्यात नाशिककडचा एक हौशी गृहस्थ आला, खुंटीवरचेच खोगीर त्याच्या मनात भरले, आणि तो दिलेल्या पैशांच्या दुप्पट द्यायला तयार झाला. मी नाही म्हटले. तो गेल्यावर सौभाग्यवतींनी पिठाचा डबा माझ्यासमोर आणून ठेवला आणि झाकण उघडले. बोलल्या काहीच नाहीत. डब्याचा तळ दिसत होता. मी दुसऱ्या दिवशी दोन साधी खोगिरे पडेल भावात काढली आणि दळण आणले. ते खोगीर खुंटीवरच राहिले.

२०२१च्या दिवाळीनंतर तो आला. निम्मे पैसे आणले होते, उरलेले हप्त्यांनी देतो म्हणाला. चार दिवसांनी अमळनेरला वरात ठरली होती. खोगीर न्यायला तो हात घालणार, तोच मी विचारले, "घोडी कशी आहे?" तो म्हणाला, "बरी शे." बरी या शब्दाचा मला भरवसा नाही. मी त्याच्यामागे बसून पारोळ्याला गेलो.

घोडी जिवंत होती, डोळा स्वच्छ होता, पण दीड वर्षाच्या अर्ध्या पोटाने तिची पाठ बदलली होती. मणक्याच्या दोन्ही बाजूंचे मांस उतरून कणा छपराच्या आढ्यासारखा वर आला होता. तिच्याच खोगिरात ती आता मावत नव्हती, म्हणजे खोगीर तिच्यावर मोठे होत होते. पुढून खाली बसले, कमान हाडाला टेकली. तीन बोटे सोडा, सुईही शिरेना. त्याने ते पाहिले. वरात चार दिवसांवर. खाली जाड घोंगडी घालू का, म्हणून विचारले. पुष्कळ लोक तेच करतात. पण तोकडी पादत्राणे घालून वर आणखी मोजे चढवावेत, तसा हा प्रकार होतो; कधी दाब कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.

माझ्याकडे अरुंद कमानीचे एक जुने खोगीर पडून होते. दिसायला अगदी साधे, बैठकीवर ठिगळ. ते तिच्या पाठीवर ठेवून पाहिले. बसले. "पण नाना, लग्नात हे?" तो म्हणाला. मी म्हटले, वरून तुझी जरीची झूल येते, नवरदेवाचे लक्ष नवरीकडे असते, आणि व्याह्यांचे जेवणाकडे. खोगिराचे ठिगळ पाहायला कोणाला सवड आहे? वरात पार पडली. तिचे मूळचे खोगीर मी ठेवून घेतले. गाद्या उसवून जुनी, गाठी झालेली लोकर काढली, नवी पिंजून भरली, पुढे जास्त, मागे कमी. दोन महिन्यांत चंदी मिळून घोडीची पाठ भरत आली, तसतशी पुढची लोकर दोनदा कमी केली. त्या हंगामात तिच्या पाठीवर एक केस पांढरा झाला नाही. हप्ते पुढच्या वैशाखापर्यंत चालले आणि पुरे झाले.

खोगीरभरती करावी लागते, ती अशी.

दोन शब्द निगेचे

दसऱ्याला आपण घोड्याची पूजा करतो, त्याला हार घालतो. खोगिरालाही त्या दिवशी एक पुसणे मिळते. ते पुरेसे नाही. जळगाव-भुसावळकडचा उन्हाळा कातड्याचा वैरी. पारा पंचेचाळिसाला टेकतो, आणि पत्र्याच्या छपराखाली ठेवलेले खोगीर एका वैशाखात पापडासारखे होते. वापर झाला की ओल्या फडक्याने घाम पुसावा, कारण घामातले मीठ कातडे खाते. सावलीत वाळवावे, चुलीजवळ किंवा उन्हात कधीही नाही. ग्लिसरिनचा साबण लावावा. तेल महिन्या-दोन महिन्यांनी, तेही बोटाने लावण्याइतके. आमच्याकडे खोबरेल ओतून खोगीर न्हाऊ घालण्याची रीत आहे. त्याने कातडे सैल पडते आणि दोरा कुजतो. ठेवताना भिंतीला तिरपे टेकवू नये; गोल ओंडक्यावर किंवा खाटेच्या आडव्या दांड्यावर ठेवावे. उंदरांना खोगिरातली लोकर फार आवडते, हेही सांगून ठेवतो.

हल्ली बाजारात नकली कातड्याची स्वस्त खोगिरे आली आहेत. त्यांची निंदा करणे माझ्या तोंडी शोभणार नाही. हलकी असतात, पाण्याने धुता येतात, आणि त्यातही चांगली असतात. पण अगदी हलक्या मालाचा सांगाडा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दगा देतो, आणि त्याची दुरुस्ती होत नाही. एका नव्या हलक्या खोगिराच्या किमतीत जुने चांगले खोगीर येते, हे पटवून देणे हाच माझा धंदा. लोकांना पटते ते बहुधा एकदा घोड्याची पाठ लागल्यावर. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच!

माझ्यानंतर हे काम कोण करील, असे लोक विचारतात. मुलगा नोकरीत आहे, आणि त्याने तिथेच राहावे असे मलाही वाटते. पण गेल्या तीन यात्रांत त्या पारोळेकराचा धाकटा पोरगा माझ्या ताडपत्रीवर येऊन बसतो. पहिल्या वर्षी नुसता पाहत होता. दुसऱ्या वर्षी दोन सुयांचा टाका शिकला. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाने एक खोगीर सुलटे करून वरून हात फिरवला, तेव्हा माझ्याआधी तोच म्हणाला, "दादा, ते आधी उलटं करा." मी काही बोललो नाही. पेटीतली वडिलांची आरी त्याच्या हाताला मोठी होते अजून. त्याच्यासाठी एक लहान मुठीची करवून घेतली आहे.

दिवाळीपासून दत्तजयंती दीड महिन्यावर येते. फराळ संपवून, अंक वाचून झाला, की घोडामैदान जवळच आहे. सारंगखेड्याला आलात तर साजाच्या ओळीच्या शेवटी या. घोडा घ्यायचा नसला तरी चालेल. पोट वर करून ठेवलेली खोगिरे दिसली, की ती माझी.